चुंगबाईंचे सोमवार

"चाख," चुंगबाई म्हणाल्या आणि चिनी मातीचा आखूड चमचा त्यांनी थेट माझ्या ओठांपाशी आणला.

मी मान मागे घेतली. "नको."

"नको म्हणजे? मीठ बघ ना. बरोबर आहे की नाही, सांग."

"बरोबर आहे."

"न चाखता?"

"वासावरून कळतं."

"मिठाला वास असतो?"

"मिठाला नसतो. पण मीठ पडलं की कांद्याचा वास बदलतो."

खोलीतल्या बाकीच्या बायका खो खो हसल्या. सबनीसबाईंना तर निमित्तच हवं असायचं. "अहो चुंगबाई, तिला नका आग्रह करू. तिच्या सासूबाईंनी तिची जीभ उंबऱ्याबाहेर काढून ठेवायला लावलीय."

मी रागाने लाल झाले, पण सबनीसबाई खोटं बोलत नव्हत्या. कर्णिकांच्या घरात नैवेद्याच्याच काय, रोजच्या स्वयंपाकालाही शिजताना जीभ लावायची नाही असा सासूबाईंचा दंडक होता. चमचाभर आमटी तळहातावर घेऊन चाटली तरी सगळं पातेलं उष्टं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिला महिनाभर त्यांनी मला तोंडात घोटभर पाणी धरून स्वयंपाक करायला लावला होता. म्हणजे चाखायचं नाही आणि बोलायचंही नाही. दुसऱ्या फायद्यासाठीच ती युक्ती काढली असावी, असं मला अजूनही वाटतं.

ही गोष्ट पंच्याऐंशी सालच्या आसपासची. दादरला रानडे रोडच्या एका आतल्या गल्लीत चुंगबाईंचं ब्यूटी पार्लर होतं. पुढे पार्लर, मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. सोमवारी पार्लर बंद असायचं, म्हणून सोमवारी दुपारी त्या चिनी स्वयंपाक शिकवायच्या. वाढदिवसाला नवऱ्याने साडी विचारली तेव्हा मी हा क्लास मागितला. सासूबाईंनी परवानगी दिली ती एवढ्यासाठीच, की नवऱ्याचे साहेब घरी जेवायला आले तर काहीतरी वेगळं वाढता येईल.

पण चुंगबाईंचं शिकवणं असं, की साहेबांना वाढण्याजोगं हाती काही लागेना. सबनीसबाईंना मांचुरियन हवं होतं. त्या दर सोमवारी आठवण करायच्या आणि चुंगबाई दर सोमवारी तेच उत्तर द्यायच्या. "ते हॉटेलवाल्यांना विचार. आमच्या घरात ते कुणी कधी केलं नाही." त्यांनी आम्हाला पहिल्या दिवशी काय शिकवलं, तर आलं घातलेली तांदळाची पातळ पेज. दुसऱ्या दिवशी अंडं फेटून, पाणी घालून, वाफवून. तिसऱ्या दिवशी भरलेली कारली. "पेज आणि कारली शिकायला मी फी भरली?" असं सबनीसबाई जिन्यात म्हणाल्या. तरी पुढच्या सोमवारी सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या.

चुंगबाई तेव्हा साठीला टेकलेल्या. ठेंगण्या, बॉबकट केलेल्या, कायम फुलाफुलांचा झगा आणि पायात स्लिपर. जन्म माझगावचा, माहेरची सगळी माणसं गोदीच्या आसपास राहिलेली. मराठी त्यांनी माझगावच्या कोळणींकडून उचललं होतं, त्यामुळे त्या भांडायला लागल्या की भाजीवालाच काय, पोस्टमनसुद्धा नमतं घ्यायचा. नवरा गेलेला. एकुलता मुलगा पीटर टोरांटोला. एवढं मला माहीत होतं.

त्यांच्या हाताखाली शिकताना एक गोष्ट मला फार आवडायची. त्या स्वतः कधी काही ठरवून सांगत नसत. पातेल्यात चमचा बुडवायचा आणि एकेकीच्या तोंडापाशी न्यायचा. "चाख. काय कमी आहे?" कुणी म्हणालं मीठ, की मीठ पडायचं. कुणी म्हणालं साखर, की दुसरीला विचारायचं. आम्हाला वाटायचं, बाईंची शिकवण्याची काय रीत आहे. आम्हाला आमच्या जिभेवर उभं करतायत. मी तेवढी त्या रांगेतून सुटलेली.

एका सोमवारी मी लवकर गेले. डिसेंबरातली दुपार होती, खिडकी उघडी होती आणि वारा सुटला होता. पार्लरमधून आत पाय टाकला आणि गॅसचा असा भपकारा आला की माझा श्वास अडकला. चुंगबाई ओट्याजवळ स्टुलावर बसून शांतपणे आलं सोलत होत्या. मला बघून त्या हसल्या, सुरी खाली ठेवली, "ये, आधी चहा करते," म्हणाल्या आणि काडेपेटी उचलली.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. त्यांच्या हातावर मी सणसणीत फटका मारला, काडेपेटी मोरीत जाऊन पडली. शेगडीचं एक बटण उघडंच होतं, वाऱ्याने आच विझली असावी. मी ते बंद केलं, सिलिंडर बंद केला आणि दुसरी खिडकी उघडली.

चुंगबाई हात चोळत माझ्याकडे बघत होत्या. "काय झालं? मारलं का मला?"

"बाई, गॅस! सगळ्या खोलीत भरलाय!"

त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला. नाकाने हवा आत ओढली, पुन्हा ओढली. मग त्या स्टुलावर बसल्या.

"तुम्हाला वास आला नाही?" मी विचारलं.

त्यांनी ओट्यावरची आल्याची सालं गोळा केली.

"चुंगबाई, शेगडी तुमच्या जवळ होती. अगदी नाकाखाली."

"दार लोटून घे," त्या म्हणाल्या. "सबनीस येईल."

मी दार लोटलं. त्यांनी आल्याचा सोललेला तुकडा उचलला, दाताने तोडला आणि चावत राहिल्या. नुसतं आलं चावताना माणसाचं तोंड वाकडं होतं. त्यांचं जरासुद्धा झालं नाही.

"गणपतीत पडली मी पार्लरमध्ये," त्या म्हणाल्या. "ओल्या लादीवर. डोक्याला इथे मागे लागलं. टाके पडले, बरी झाली. चार दिवसांनी पेज केली तर कागद खाल्ल्यासारखं. मला वाटलं ताप आहे. मग कळलं, सगळं पुसलं. मीठ फार पडलं तर जिभेला टोचतं थोडं, बाकी काय नाही. डॉक्टर बोलला, आतली नस तुटली. आली तर येईल परत, नाही तर नाही."

मग मला त्यांच्या शिकवण्याच्या रीतीचा उलगडा झाला. त्या आम्हाला जिभेवर उभं करत नव्हत्या. आमच्या जिभांवर स्वतः उभ्या होत्या.

"कुणाला माहीत आहे?"

"आता तुला."

"पीटरला?"

त्यांनी जोरात मान हलवली. "त्याला कळलं तर संपलं. पडली हे ऐकून आधीच मागे लागलाय, इकडे ये, एकटी राहू नको. आता आमच्या चिनी नवीन वर्षाला येतोय बायकोला घेऊन. बघायला येतोय मला. तो काय मूर्ख आहे? जेवणात कळलं की म्हातारीला चव नाही, वास नाही, तर तो दुसऱ्या दिवशी घर विकेल आणि मला विमानात बसवेल."

"मग जा की. मुलगा आहे तुमचा. आणि आत्ता जे झालं ते..."

"तिकडे मी कोण?" त्या म्हणाल्या. "इकडे मी चुंगबाई. गल्लीत कुणालाही विचार. नवरा माझा इथे पुरलेला आहे, त्याला फुलं कोण घालेल? तिकडे मी पीटरची आई, दिवसभर खिडकीतून बर्फ बघायचा."

"कुणी नातलग नाहीत तिकडे?"

"बहीण आहे. धाकटी. आ-लान." नाव घेताना त्या जरा अडखळल्या. "बासष्टच्या लढाईनंतर आमची माणसं सगळी निघाली. ती बोलली, तू पण चल. मी हो बोलली, सामान बांधलं. मग माझा नवरा अडला, मी राहिली. ती बोटीच्या धक्क्यावर माझी वाट बघत उभी होती. त्या दिवसापासून बोलत नाही माझ्याशी. वीस वर्षं झाली. तिच्या शेजारी जाऊन राहू आणि तोंड फिरवून घेऊ?"

दारावर सबनीसबाईंची थाप पडली. चुंगबाईंनी माझं मनगट धरलं. "तू न चाखता करते. मला ते शिकव."

माझ्या आयुष्यात, खरं सांगते, तोवर मला कुणी काही शिकव म्हणून म्हटलं नव्हतं. आणि तेसुद्धा ज्या गोष्टीवरून माझी टर उडायची तीच. मी नुसती मान डोलावली. सबनीसबाई आत येऊन म्हणाल्या, "गॅसचा वास येतोय का गं?" आणि मी म्हटलं, "मीच बटण विसरले."

त्यानंतर सोमवारी मी सगळ्यांच्या आधी जायला लागले. घरी सांगितलं, बाईंनी वेळ बदलली. माझी एकच अट होती: चुलीवर काही असेपर्यंत तिथून हलायचं नाही, आणि काम झालं की सिलिंडरच बंद करायचा. ती त्यांनी मान्य केली आणि पाळलीही.

बाकी विद्यार्थी म्हणून चुंगबाई भयंकर होत्या. जन्मभराची सवय. हात आपोआप चमच्याकडे जाई, चमचा आपोआप तोंडाकडे. चाखून काही कळत नसे, तरी चाखत. मग चेहरा पडे आणि घाबरून आणखी मीठ घालत. शेवटी मी सासूबाईंचा उपाय काढला.

"तोंडात पाणी धरा."

"काय?"

"घोटभर पाणी. गिळायचं नाही, टाकायचं नाही. पदार्थ खाली उतरेपर्यंत."

गाल फुगवून, डोळे वटारून चुंगबाई कढईपुढे उभ्या राहिल्या, आणि मला त्यांच्यात लग्नातल्या हिरव्या शालूतली मी दिसले. मला हसू आवरेना. मी हसतेय बघून त्यांनाही हसू फुटलं आणि सगळं पाणी कढईत. तेल तडतडून दोघींच्या अंगावर उडालं. त्या दिवशी कारली फुकट गेली, पण त्या दोन तासांत मी जेवढी हसले तेवढी कर्णिकांच्या घरात आठ वर्षांत हसले नव्हते.

नाक त्यांना नव्हतं, म्हणून मी कानावर आणि डोळ्यांवर भर दिला. लसूण तेलात पडल्यावर आधी ओरडतो, मग कुजबुजतो. कुजबुजला की पुढचं घालायचं. मीठ तळहाताच्या खळग्यात घ्यायचं, रेषेपर्यंत, आणि कारल्यात भरायच्या खिम्याला चोळल्यावर बोटांना चिकटपणा यायला लागला की पुरे. कारल्याचा हिरवा रंग आधी उजळतो, मग मावळतो. मावळायच्या आत उतरवायचं. त्या ऐकत राहायच्या, डोकं एका बाजूला कलवून.

पण झालेला पदार्थ बरोबर आहे की नाही ते सांगणार कोण? ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी चमचा हातात घेऊन कितीतरी वेळ उभी होते. सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे दुपारची झोप काढत होत्या, तरी मला वाटलं त्या मागे येऊन उभ्या आहेत.

"अगं, विष नाही ते," चुंगबाई म्हणाल्या.

मी डोळे मिटून चाखलं. रस्सा अजून शिजत होता, अर्धाकच्चा. पानात वाढलेल्या पदार्थाची चव मला माहीत होती. चुलीवरच्या, अजून काही न ठरलेल्या पदार्थाची चव मी पहिल्यांदा घेत होते. आलं एका बाजूला, सोया सॉस दुसऱ्या बाजूला, कारलं लांब कुठेतरी. त्यांची अजून ओळखही झाली नव्हती. मला फार मजा वाटली.

"बोल," चुंगबाई म्हणाल्या.

"छान आहे."

"छान काय छान! सबनीस पण छान बोलते. आधी काय येतं, मागून काय येतं, जिभेवर कुठे बसतं, ते बोल. मला दिसलं पाहिजे."

हे मात्र कठीण निघालं. आम्हा बायकांना सगळे पदार्थ येतात, पण त्यांच्याविषयी बोलायला शब्द दोनच: छान झालंय, नाहीतर बिघडलंय. मी धडपडत बोलायला शिकले. "आधी गोड येतं, पण साखरेचं नाही, शिजलेल्या कांद्याचं. मग मीठ. मग कारलं, पण घशात गेल्यावर, जिभेवर नाही." त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि कधी म्हणायच्या, "हां, मग अजून जरा शिजू दे." हळूहळू मीठ सांगायची वेळ कमी यायला लागली. जानेवारी संपता संपता मी नुसती बसून असायचे आणि चुंगबाई एकट्या करायच्या. तोंडात पाणीही नसायचं.

घरी मात्र गंमत झाली. मी एकदा विसरून आमटी चाखली, आणि सासूबाई दारात. त्यांनी ते पातेलं मोलकरणीला देऊन टाकलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला पूर्वी अशा वेळी रडू यायचं. या वेळी आलं नाही.

चिनी नव्या वर्षाच्या आदल्या संध्याकाळी चुंगबाईंनी मला जेवायला बोलावलं. त्या जेवणाला घरचीच माणसं बसतात, हे मला सबनीसबाईंकडून नंतर कळलं. पीटर उंच, गोरापान, चष्मेवाला. दादरच्याच शाळेत शिकलेला, त्यामुळे मराठी गंजलेलं असलं तरी चालू होतं. त्याची बायको कमी बोलणारी, हसऱ्या चेहऱ्याची. ती तिघं आपसात त्यांच्या भाषेत बोलायची आणि मग पीटर मला मराठीत सांगायचा.

त्याची नजर मात्र घरभर फिरत होती. गॅसची नळी वाकून बघितली. न्हाणीघरातली लादी पायाने घासून बघितली. आईच्या डोक्यामागे केसांत टाक्यांची खूण शोधली. चुंगबाई त्याच्या मागेमागे नवीन झग्यात हसत फिरत होत्या, आणि मी खुर्चीच्या कडेवर बसले होते, माझीच परीक्षा असल्यासारखी.

मग ताटं आली. अख्खा वाफवलेला मासा, कोंबडी, चिवट शेवया, आणि मधोमध भरलेली कारली. ती पीटरच्या वडिलांची आवडती. पीटरने कारल्याचा एक तुकडा उचलला, भातावर ठेवला, खाल्ला. चुंगबाई मासा वाढायचं निमित्त करून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या.

"आई," तो मराठीतच म्हणाला, बहुतेक मलाही कळावं म्हणून, "तीच चव आहे. अगदी बाबा होते तेव्हाची."

चुंगबाईंनी टेबलाखाली माझा हात दाबला. मला वाटलं, जिंकलो. पीटरने आणखी चार तुकडे घेतले, तिसऱ्या तुकड्यापाशी त्याच्या खांद्यांतला ताठरपणा गेला, आणि तो बायकोला काहीतरी म्हणाला. ती उठून आतून एक बरणी घेऊन आली. काळपट तपकिरी, चुरगळलेला पाला भरलेली लहानशी काचेची बरणी.

"मोहरीचा पाला," पीटर मला म्हणाला. "मीठ लावून, वाळवून ठेवतात. आमचं लोणचंच समजा." मग त्याने त्यातली एक चिमूट चॉपस्टिकने उचलून आईच्या वाडग्यात ठेवली. त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "आई, खाऊन सांग. कुणाच्या हातचं आहे?"

त्या पाल्यावर आम्ही कधी काही केलं नव्हतं. माझ्याकडे इशाऱ्याने सांगण्यासारखं काही नव्हतं.

चुंगबाईंनी पाला तोंडात घातला. सावकाश चावला. हसल्या. "चांगला आहे."

"कुणाच्या हातचा?"

"तुझ्या बायकोच्या."

"नाही."

"मग बाजारातला असेल. तिकडे सगळं मिळतं बोलतात."

पीटरचं हसू उतरलं. "आई, नीट बघ ना. अजून घे." त्याने आणखी एक चिमूट ठेवली. त्यांनी ती खाल्ली. त्या चावत होत्या आणि त्यांचे डोळे एकदा माझ्यावर, एकदा बरणीवर जात होते.

"नाही कळत," त्या म्हणाल्या.

पीटरने चॉपस्टिक खाली ठेवल्या. मग खालच्या मानेने म्हणाला, "आ-लान मावशीने दिलाय. मला बोलली, नाव सांगू नको. फक्त खाऊ घाल. ओळखलं तर मला फोन करायला सांग. नाही ओळखलं तर काही बोलू नको, समजेन मी." त्याने बरणीचं झाकण लावलं. "मला वाटलं तू एका घासात ओळखशील."

चुंगबाई सुटल्या होत्या, हे मला लख्ख दिसत होतं. म्हातारपण आहे, वीस वर्षं झाली, विसरली, असं म्हणून पीटर गप्प बसला असता. कारल्यांनी त्याची खात्री पटवलीच होती. एक शब्द न बोलता त्या दादरला राहू शकत होत्या. फक्त तिकडे टोरांटोला एका बाईला कळलं असतं, की थोरल्या बहिणीने आपल्याला पार पुसून टाकलं.

चुंगबाईंनी चॉपस्टिक आडव्या करून वाडग्यावर ठेवल्या.

"मी विसरली नाही," त्या म्हणाल्या. "मला चव नाही राहिली, पीटर. वास पण नाही. पडली तेव्हापासून."

"पण ही कारली..."

"हिने शिकवली. कानाने."

पीटरने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा चिडेल. त्याने चष्मा काढला आणि डोळे चोळत बसला. त्याची बायको त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तिला बहुधा शब्द कळले नव्हते, पण बाकी सगळं कळलं होतं.

चुंगबाईंनी त्याच्या हातातून बरणी घेतली, झाकण काढलं आणि ती माझ्यापुढे सरकवली.

"नलिनी, तू खा. आणि बोल."

"मी? मी कधी खाल्लेलं नाही हे."

"म्हणूनच. खरं बोलशील."

मी चिमूट घेतली. तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"आधी आंबट," मी म्हटलं. "चिंचेचं नाही. ताकासारखंही नाही. भाजी टोपलीत राहून गेली की तिला येतो तसा आंबटपणा, पण वाईट नाही. मग गोड. अगदी बारीक, गुळाच्या ढेपेला हात लावून बोट चाटावं एवढंच."

"मीठ?" चुंगबाईंनी विचारलं.

"नाही."

"मीठ नाही?"

"अजून नाही. थांबा." मी चावत राहिले. पाला चिवट होता, गिळत आला. आणि मग अगदी शेवटी, घशापाशी, मीठ आलं. "आलं. आत्ता आलं. सगळं संपल्यावर."

मी डोळे उघडले. चुंगबाई रडत होत्या आणि हसत होत्या, दोन्ही एकदम.

"तीच," त्या म्हणाल्या. "पाला उन्हातून काढला की त्याच संध्याकाळी मीठ चोळायचं असतं. ही दोन-दोन दिवस विसरायची. गच्चीवर पतंग बघत बसायची. पाला आंबायला लागला की मग धावपळ, मग मीठ. आईने किती मारलं तिला. मी पण मारलं." त्यांनी झग्याच्या बाहीने तोंड पुसलं. "एवढी म्हातारी झाली, अजून विसरते वाटतं."

पीटर हलक्या आवाजात म्हणाला, "फोन लावू?"

"लाव." मग त्या थांबल्या. बरणीतल्या पाल्याकडे बघत राहिल्या. "फोनवर काय कळणार? जाऊन बघायला पाहिजे तिला."

पीटरने मान वर केली. त्याने जे मागायला एवढा प्रवास केला होता ते त्याला मिळालं होतं, आणि आनंद व्हायच्या ऐवजी तो घाबरून आईकडे बघत होता, ती शब्द परत घेईल म्हणून. तिने घेतले नाहीत.

मला खूप आनंद झाला होता. त्या बाईचं वीस वर्षांचं गाठोडं माझ्या तोंडून सुटलं होतं. आणि त्याच क्षणी मला कळलं की माझे सोमवार संपले. आता दुपारी दोन वाजता मला कुठे जायचं नव्हतं, कुणी मला 'बोल' म्हणणार नव्हतं. मी दोन शब्द कमी चांगले सांगितले असते, नुसतं छान आहे म्हटलं असतं, तर चुंगबाई इथेच राहिल्या असत्या. माझे डोळे भरून आले ते मी मोहरीच्या पाल्यावर ढकलले.

"अजून घे," चुंगबाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली, गुडघ्याला गुडघा लागेपर्यंत, आणि डोळे मिटले. "घाई करू नको. परत पहिल्यापासून बोल."

मी दुसरी चिमूट घेतली आणि पहिल्यापासून सांगायला लागले, सावकाश, जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवत.